अर्थ लागत नाही

दिवा लावला की तेल तापतं.
उर्सुला कुतिन्होने फोनवर एवढंच सांगितलं,
आणि मी बार्जवरची जुनी हत्यारपेटी उचलून
कुठ्ठाळीहून वेर्ण्याच्या पठारावर गेलो.

पत्र्याच्या शेडमध्ये विमान. दोन माणसांचं,
सहा वर्षांत एकटीने जोडलेलं.
पंखाला हात लावला तेव्हा
तिने आधी माझ्या नखांकडे पाहिलं.

चाकांना ठोकळे लावून इंजिन सुरू केलं.
तेलाचा काटा ऐंशीवर, शहाण्यासारखा.
मग लँडिंग लाइटचं बटण,
आणि काटा टुणकन एकशे दहावर.
बंद केलं, ऐंशी.
लावलं, एकशे दहा.
बाई, तेल असं तापत नसतं, म्हणालो,
माणूस तापतो असा.

ती हसली नाही.
गेज बदलून झालंय, म्हणाली, पंधरा हजार भरून,
नवंही तेच सांगतंय.
सेन्सर उकळत्या पाण्यात बुडवून पाहिला,
घरच्या पेजेच्या टोपात
(आईने त्यानंतर त्या टोपात पेज शिजवली नाही).
सेन्सर खरं बोलला.

दोन गेज, एकच थाप.
दोन खोटारड्यांचं इतकं एकमत होत नाही.
खोटं तिसरंच कुणीतरी बोलत होतं.

व्होल्टमीटरही कण्हत होता, तेरा पॉइंट एक,
आणि अल्टरनेटरच्या तोंडाशी चौदा पॉइंट दोन.
वाटेत एवढं कोण खातंय?
लाल तारा तर बघत राहाव्यात अशा,
मेणाच्या दोऱ्याने बांधलेल्या, गाठी सारख्या अंतरावर,
प्रत्येकीच्या गळ्यात बारीक अक्षरात नाव.
धनाची बाजू सगळेच नीट ठेवतात.
ऋण कोण बघतं?

बार्जवर सोपं होतं.
सगळं अंग पोलादाचं, खाली अख्खी जुवारी,
तार कुठेही टेकवा, प्रवाह घरी पोचायचा.
मग खनिजाच्या फेऱ्या थांबल्या,
बार्ज गंजत राहिली आणि मी लोकांचे फ्रीज उघडत.
इथे खाली नदी नाही.
उडणाऱ्या वस्तूला आपला अर्थ
बरोबरच न्यावा लागतो.

आमच्या धंद्यात अर्थिंगला नुसतं अर्थ म्हणतात.
मेस्त, दिवा का पेटत नाही? पोरं विचारायची.
अर्थ लागत नाही, मी सांगायचो,
आणि कुणी विचारात पडायचं नाही,
पाना शोधायला जायचं.

मीटरचं एक टोक इंजिनाच्या अंगाला,
दुसरं बॅटरीच्या ऋणाला.
इथे शून्य हवं.
आलं पॉइंट नऊ.

मान वाकडी करून टॉर्च मारला.
फायरवॉल पांढरीशुभ्र,
इतकी गुळगुळीत की तिच्यात मला टॉर्चमागचा मी दिसलो.
तीन थर. ऐन जुलैत, हवा कोरडी मिळेल त्या त्या दुपारी
तिने स्वतः मारलेले.
आणि त्या रंगावर, घट्ट आवळून,
इंजिनाच्या तांब्याच्या वेणीचं कडं.
धातू धातूला नीट शिवलाच नव्हता.
सगळा परतीचा प्रवाह
बोल्टच्या आट्यांतून चोरासारखा सरकत होता.

रंग खरवडावा लागेल, म्हणालो.
ती थोडा वेळ काहीच बोलली नाही.
मग माझ्या हातातला पॉलिश पेपर काढून घेतला,
आणि दहाच्या नाण्याएवढं गोल
स्वतःच घासलं, चकाकेपर्यंत.
मुरगावकडून खारा वारा येतच होता,
म्हणून दातेरी वॉशर, नट,
आणि वरून लगेच व्हॅसलीनचं बोट.

इंजिन. ऐंशी.
दिवा.
ऐंशी.
तिने बारा वेळा दिवा लावला नि घालवला,
दर वेळी वहीत आकडा, समोर घड्याळातली वेळ.
बाहेर कुणाचा तरी कुत्रा आधी भुंकला,
मग त्यालाही कंटाळा आला.

बाराव्या वेळी एक्क्याऐंशी.
हे मात्र तेल खरंच तापलं, मी म्हटलं,
इंजिन चालू आहे ना मघापासून.
तिने माझ्याकडे पाहिलं,
गेजकडे पाहावं तसं,
आणि एक्क्याऐंशीपुढे पेन्सिलीने
एक लहानसं प्रश्नचिन्ह काढलं.